समुद्राची वाटणी

राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत आणि प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी संघसूचीत घातली. १९७६च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने प्रादेशिक समुद्राची रुंदी १२ सागरी मैल आणि अनन्य आर्थिक क्षेत्राची मर्यादा २०० सागरी मैल अशी मुक्रर केली. आणि या दोन्ही तरतुदींचा संयुक्त परिणाम असा झाला की किनाऱ्यापासून सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात कोणी, केव्हा, कोणत्या जाळ्याने आणि किती खोलीत मासळी धरावी हे ठरविण्याचा अधिकार मुंबईकडे आला व त्यापुढच्या पाण्यातील तोच अधिकार दिल्लीकडे राहिला. कागदावर ही विभागणी सुबोध दिसते. परंतु झाईपासून रेडीपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर गेली कित्येक वर्षे जो तंटा धुमसत आहे, त्याचे मूळ या १२ मैलांच्या रेषेत तितकेसे नाही, जितके ते तिच्या आत आखल्या गेलेल्या, अर्धवट आखल्या गेलेल्या आणि मुळीच न आखल्या गेलेल्या अनेक लहान रेषांत आहे.

समुद्रात हद्द आखली की एकाच लेखणीने दोन गोष्टींचे वाटप होते. कोणत्या मासळीला तिच्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर किती अभय मिळावे, ही त्यातील एक. आणि त्या अभयाचा भार कोणाच्या संसारावर पडावा, ही दुसरी. जीवशास्त्रज्ञ पहिलीचा विचार करतो, लोकप्रतिनिधी दुसरीचा करतो, आणि दोघेही बहुधा असे समजून चालतात की आपण दोन निरनिराळ्या प्रश्नांविषयी बोलत आहोत. माझ्या मते हा प्रश्न एकच आहे, आणि त्याचा उलगडा करावयाचा तर नौका किती लांब जाऊ शकते, याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. कारण सर्वांच्या मालकीच्या म्हणून मानलेल्या या पाण्यात ज्याला हवे तेव्हा दुसरीकडे जाता येते आणि ज्याला कधीच जाता येत नाही, असे दोन वर्ग आहेत, आणि एकाच रेषेचा अर्थ त्या दोघांना अगदी भिन्न लागतो.

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले या भागांतील गाबित मच्छिमारांची रापण घ्या. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे पसरीत जावे, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर यावेत, आणि वाळूत पाय रोवून दोन रांगांनी ते ओढीत आणावेत, अशी ही पद्धत. तिचे कार्यक्षेत्र त्या गावाची पुळण आणि पुळणीपुढचे थोडे पाणी, त्यापलीकडे ते जाऊच शकत नाही. बांगडा किंवा तारली किनाऱ्याला लागली तर रापण भरते, न लागली तर रिकामी येते. उत्तरेकडे वेसावे, उत्तन, वसई, अर्नाळा येथील डोल याहूनही स्थिर. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधलेली ही शंकूच्या आकाराची मोठी पिशवी भरती-ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून उभी राहते आणि प्रवाहाबरोबर येणारा बोंबील, जवळा, करंदी आपल्या खोळीत साठवते. खंबायतच्या आखातापासून मुंबईपर्यंत भरती-ओहोटीची ओढ प्रबळ असल्यामुळेच हे जाळे तेथे चालते. दक्षिणेकडे ती ओढ मंदावते आणि डोलही विरळ होत जाते. सातपाटीचा कोळी पापलेटासाठी गळजाळे घेऊन यांपेक्षा लांब जातो, तथापि त्याच्याही नौकेला, इंधनाला आणि बर्फाला मर्यादा आहेत. ट्रॉलर मात्र तळावरून जाळे खरवडीत नेतो व त्याला खोल पाण्याचे भय नाही; आणि पर्ससीन नौका तर मासळीच्या थव्याला चहूबाजूंनी वेढा घालून, जाळ्याचा तळ दोरीने आवळून, रापणीला सबंध हंगामात मिळणार नाही एवढी मासळी एका वेढ्यात काढू शकते. पर्ससीनला तारली आज मालवणापुढे मिळाली नाही तर उद्या ती रत्नागिरीपुढे शोधता येते. रापणीला उद्याही तीच पुळण.

ज्या उथळ पाण्यावर या स्थिर साधनांचा निर्वाह चालतो, तेच पाणी मासळीच्याही दृष्टीने अत्यंत नाजूक असते, ही या प्रश्नातील मोठी सोयीची गोष्ट आहे. कोळंबीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. आपल्याकडच्या मोठ्या कोळंबीच्या जाती समुद्रात अंडी घालतात; अंड्यांतून निघालेली सूक्ष्म पिले प्रवाहांवर तरंगत खाड्यांच्या मुखाशी येतात, खाडीच्या मचूळ पाण्यात, कांदळवनांच्या मुळांत वाढतात, आणि वयात येता येता पुन्हा समुद्राची वाट धरून उथळातून खोलाकडे सरकत जातात. या प्रवासाच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे खाडीच्या तोंडाबाहेरील पाच-दहा वाव खोल पाण्यात, तिला ट्रॉलरच्या जाळ्यात धरणे म्हणजे अर्ध्या वाढीचे पीक कापणे होय. किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक जाळ्यांना बंद ठेवला तर लहान मच्छिमाराची जागा शाबूत राहते आणि कोळंबीलाही वाढीस अवसर मिळतो. येथे न्याय आणि निसर्ग एकाच रेषेवर उभे राहतात. ते सर्वत्र तसे उभे राहत नाहीत, आणि त्याविषयी पुढे बोलावयाचे आहे. परंतु जेथे राहतात तेथे तरी ती रेषा पाळली जावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

या रेषांचा जन्म शांतपणे झाला नाही. १९५०नंतर केरळच्या किनाऱ्यावर भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक नौका आल्या, कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाली, आणि सरकारी कर्ज व अनुदान यांच्या बळावर पश्चिम किनाऱ्याच्या बंदराबंदरांतून ट्रॉलरची संख्या वाढत गेली. ज्यांनी ते विकत घेतले त्यांतील कित्येकांचा मासेमारीशी वंशपरंपरेचा कसलाच संबंध नव्हता. गोव्यात रांपणकारांनी सत्तरच्या दशकात याविरुद्ध जे आंदोलन उभारले, त्याचे नेतृत्व माथानी साल्ढाणा यांच्याकडे होते, आणि किनाऱ्यालगतचा पट्टा आमच्यासाठी राखून ठेवा ही त्याची साधी मागणी होती. निरनिराळ्या नौकांसाठी निरनिराळी क्षेत्रे आखून द्यावीत की काय, याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली. तिच्या अहवालाबरोबर एक नमुना विधेयक राज्यांकडे गेले. आणि १९८०मध्ये गोवा व केरळ, तर १९८१मध्ये महाराष्ट्र यांनी आपापले सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. म्हणजे हे कायदे मूळचे मासळीच्या रक्षणासाठी झाले असे जे सरसकट मानले जाते ते पूर्ण खरे नव्हे. किनाऱ्यावर रक्तपात होऊ नये, ही त्यांमागची पहिली निकड होती. मत्स्यसंपत्तीचे रक्षण तिच्या पाठोपाठ आले.

रेषा कशावरून आखावी याविषयी राज्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. गोव्याने किनाऱ्यापासूनचे अंतर धरले आणि ५ किलोमीटरपर्यंतचे पाणी यांत्रिक नौकांना बंद केले. महाराष्ट्राने खोली धरली आणि किनाऱ्याच्या निरनिराळ्या भागांत ५ व १० वावांच्या रेषा मर्यादा म्हणून ठरविल्या. हा भेद केवळ मोजणीचा नाही. भारताच्या पश्चिमेचा भूखंडमंच मुंबईपुढे सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे आणि दक्षिणेकडे तो झपाट्याने अरुंद होत जातो. तळाचा उतारही जागोजागी बदलतो. जेथे उतार मंद आहे तेथे १० वावांची रेषा किनाऱ्यापासून पुष्कळ लांब जाते आणि लहान नौकांना ऐसपैस पाणी मिळते. जेथे तळ लवकर खोलावतो तेथे तीच रेषा किनाऱ्याला येऊन भिडते आणि ट्रॉलर जवळजवळ पुळणीसमोर उभा राहिला तरी कायद्याने तो निर्दोष ठरतो. जीवसृष्टीच्या दृष्टीने खोलीची रेषा अधिक अर्थपूर्ण आहे, कारण मासळी अंतर पाहून राहत नाही, खोली, तळाचा चिखल आणि पाण्याची ऊब पाहून राहते. मात्र अंमलबजावणीच्या दृष्टीने अंतराची रेषा अधिक सोपी, कारण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या सामान्य मनुष्यालाही ती अदमासे ओळखता येते आणि फिर्याद देता येते. नियम निसर्गाच्या जितका जवळ न्यावा तितका तो तपासण्यास कठीण होतो, ही अडचण सागरी व्यवस्थापनात पदोपदी भेटते, आणि तिचे कायमचे निराकरण माझ्या पाहण्यात आलेले नाही. उपग्रहाधारित स्थाननिदर्शक यंत्रे नौकांवर आल्यापासून ती काहीशी सुसह्य झाली आहे, इतकेच.

शिवाय रेषा ही कोणीतरी राखावी लागते. १९८१च्या कायद्याप्रमाणे नियमभंगाच्या प्रकरणांचा निवाडा तहसीलदारापुढे होत असे. ज्या दप्तरात जमिनीचे फेरफार, दुष्काळाचे पंचनामे आणि निवडणुकीचा बंदोबस्त यांचे ढीग साचलेले, त्याच दप्तरात ट्रॉलरच्या हद्दभंगाचे कागदही जाऊन पडत, आणि निकाल लागेपर्यंत हंगाम संपलेला असे. दंडाची रक्कम तर अशी होती की एका चांगल्या वेढ्याच्या उत्पन्नातून ती सहज फिटावी. २०२१च्या दुरुस्तीने निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आणला आणि दंड लाखांच्या घरात नेले. कृत्रिम दिव्यांचा झोत टाकून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीला, जिला केंद्राने २०१७ मध्येच मज्जाव केला होता, तिला सर्वांत जबर शिक्षा ठेवली. आणि २०२५च्या जानेवारीत किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु चाळीस वर्षे जी रेषा केवळ राजपत्रात होती, तिच्यावर लहान मच्छिमाराचा विश्वास एका दुरुस्तीने बसेल असे समजणे घाईचे होईल.

पर्ससीनचा प्रश्न या सर्वांत अवघड, कारण तेथे संख्येचा प्रश्न जागेच्या प्रश्नाशी गुंतलेला आहे. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी जो शासननिर्णय निघाला, त्याने नवे परवाने बंद केले, असलेल्या ४९४ परवान्यांची संख्या क्रमाने २६२वर व अखेर १८२वर आणावयाचे ठरविले, आणि मासेमारीचा काळ सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. नौका कमी करणे, काळ आखडणे आणि जागा मर्यादित करणे ही तिन्ही उपाययोजना एकत्र करण्यात समितीची दूरदृष्टी होती, कारण यांतील एकट्यादुकट्या उपायाचा गुण येत नाही. केवळ जागा बंद केली तर तेवढ्याच नौका उरलेल्या जागेत दाटी करतात आणि बंद क्षेत्राच्या कडेकडेने जाळी टाकीत राहतात. केवळ काळ आखडला तर उरलेल्या दिवसांत मारा दुप्पट होतो. आणि एका राज्याने आपल्या नौकांना आवर घातला तरी कर्नाटकातील मलपेकडचे ट्रॉलर सिंधुदुर्गापुढे येतात ते येतातच. एका रेषेमागे हटविलेला मासेमारीचा भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या पाण्यात जाऊन बसतो. आणि शेजारच्या पाण्यात कोण आहे हे पाहिल्याशिवाय आखलेली रेषा एकाचे संरक्षण दुसऱ्याच्या खर्चाने करते.

पर्ससीनधारकांची बाजू येथे मांडली नाही तर अन्याय होईल. त्यांनी कर्ज काढून, परवाना घेऊन, सरकारच्याच प्रोत्साहनाने नौका बांधल्या. एकेका नौकेवर वीस-पंचवीस किंवा त्याहून अधिक खलाशी राबतात, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात त्यांतील कित्येक नेपाळातून किंवा परप्रांतांतून आलेले, स्वतःची वीतभर जागाही नसलेले मजूर असतात. बंदी आली की मालक दुसरा धंदा पाहतो, खलाशी मात्र रिकाम्या हाताने गावी परततो. केरळने प्रादेशिक समुद्रात पर्ससीनला बंदी केली तेव्हा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने बंदी उचलून धरली. बड्या नौकांना प्रादेशिक समुद्राबाहेर जाण्याचे सामर्थ्य आहे, पारंपरिक मच्छिमारास ते नाही, हा विचार त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला. मला हा निकष योग्य वाटतो. ज्याला हलता येत नाही त्याच्या जागेला अग्रक्रम, आणि ज्याला हलता येते त्याने लांबचे पाणी धरावे, हा तो निकष होय. मात्र लांबचे पाणीही अथांग नाही, याची जाणीव तामिळनाडूच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशात दिसते: १२ सागरी मैलांच्या पलीकडे पर्ससीनला मुभा, परंतु आठवड्यातून केवळ सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते सायंकाळी ६.

आतापर्यंत मासेमार विरुद्ध मासेमार अशा वाटणीचा विचार झाला. निसर्गरक्षणाच्या हेतूनेच आखलेल्या रेषेचे काय होते, हे पाहण्यास मालवणइतके दुसरे उदाहरण नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ तळावर प्रवाळ आहेत, समुद्री शेवाळांची दाट वस्ती आहे, आणि त्यांच्या आश्रयाने असंख्य मासळी वाढते. यास्तव एप्रिल १९८७ मध्ये २९.१२२ चौरस किलोमीटर क्षेत्राचे सागरी अभयारण्य तेथे घोषित झाले, ज्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा आणि उरलेले त्याभोवतीचे संरक्षक क्षेत्र. वैज्ञानिक दृष्ट्या ही निवड अचूक होती. पण जे पाणी प्रवाळाला मानवते तेच लहान होडीला मानवते. किल्ल्याच्या आडोशाचे हे शांत, उथळ, खडकाळ पाणी म्हणजे मालवणच्या पारंपरिक मच्छिमाराचे अगदी घराजवळचे मासेमारीचे ठिकाण. ट्रॉलर तेथे तसाही खडकांच्या भीतीने जात नव्हता. अर्थात अभयारण्याच्या रेषेने ज्याला वगळावयाचे तो जवळजवळ सर्वस्वी लहान मच्छिमारच ठरत होता, आणि समुद्राचा विध्वंस ज्या साधनांनी होत होता ती तिच्या बाहेर मोकळी होती. स्थानिकांनी कडवा विरोध केला आणि ते अभयारण्य दीर्घकाळ घोषणेपुरतेच राहिले, यात मला नवल वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने असे सांगितले की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यावयाचा असेल तर स्थानिक मच्छिमारांच्या व्यावसायिक हितरक्षणाची पुरेशी तजवीज केल्यानंतरच त्याच्या सीमा ठरवाव्यात. ही तरतूद मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी आली. ती आधी असती, आणि तिचे पालन झाले असते, तर तेथील प्रवाळांना आज अधिक रखवालदार मिळाले असते अशी माझी धारणा आहे, कारण कोणत्याही सरकारी नौकेपेक्षा तेथील गाबिताचे डोळे त्या पाण्यावर अधिक काळ असतात.

ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरिअर रीफच्या सागरी उद्यानाची फेरआखणी केली ती पद्धत याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. सुमारे ३,४४,००० चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात मासेमारी सर्वस्वी वर्ज्य असलेले क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते, ते जुलै २००४पासून ३३ टक्क्यांवर नेण्यात आले. शास्त्रज्ञांनी तेथील ७० जैवप्रदेशांपैकी प्रत्येकातील निदान पाचवा हिस्सा बंद असावा असे ठरवून दिले. त्या मर्यादेत राहून नेमकी कोणती जागा निवडली असता मासेमारांचे, पर्यटकांचे आणि आदिवासी समाजांचे कमीत कमी नुकसान होईल, याचा शोध संगणकाच्या साहाय्याने घेतला गेला. आणि लोकांकडून आलेल्या ३१,०००हून अधिक निवेदनांनंतर नकाशात बदलही झाले. तरीसुद्धा नुकसान झालेच, आणि त्याच्या भरपाईपोटी सरकारला २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली, जी आरंभीच्या अंदाजाच्या कितीतरी पट होती. निसर्गाचा लाभ सर्व समाजाला आणि त्याची किंमत मूठभर किनारावासीयांना, अशी वाटणी त्या देशाने मान्य केली नाही, म्हणून ती रेषा टिकली. आपल्याकडे याच तत्त्वाचा एक छोटा पण सुंदर प्रयोग झालेला आहे. जाळ्यात अडकलेला देवमासा, कासव किंवा संरक्षित शार्क जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छिमाराला फाटलेल्या जाळ्याचा मोबदला म्हणून कमाल २५,००० रुपये देण्याची योजना कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी २०१८च्या अखेरीस सुरू केली, आणि कोकणच्या कोळ्यांनी ती मनापासून उचलली. रक्कम मोठी नाही, पण नुकसान तुझे एकट्याचे नव्हे असे सरकारने प्रथमच लेखी कबूल केले, ही गोष्ट मोठी आहे.

आता त्या अप्रिय भागाकडे वळले पाहिजे. लहान मच्छिमार म्हणजे निरुपद्रवी मच्छिमार, हे समीकरण प्रत्येक वेळी सुटत नाही. डोलीच्या खोळीची आस अतिशय बारीक असते, कारण जवळा आणि करंदी धरावयाची तर ती तशी असावीच लागते. परंतु प्रवाहाबरोबर जे येईल ते घेणे हाच त्या जाळ्याचा धर्म असल्यामुळे काही महिन्यांत पापलेटाची बोटाएवढी पिलेही तिच्यात येऊन मरतात. ज्या पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान देण्यात आला आणि ज्याची किमान कायदेशीर लांबी १३५ मिलिमीटर मानली जाते, त्याचे भवितव्य केवळ ट्रॉलरवर अवलंबून नाही. सातपाटीचा कोळी ज्या मासळीची वाट पाहतो, तिची पिले दक्षिणेकडच्या त्याच्याच जातभाईच्या डोलीत अडकलेली असतात. कवींवरून, म्हणजे डोलीचे खुंट रोवण्याच्या जागांवरून, उत्तन-वसईकडील डोलकर आणि सातपाटी-डहाणूकडील जाळेवाले यांच्यात जो जुना वाद आहे, त्यातही दोन्ही बाजूंना पारंपरिक मच्छिमारच आहेत. एकाचे खुंट दुसऱ्याच्या गळजाळ्याच्या वाटेत येतात, आणि दोघांचीही वहिवाट खरी असते. येथे निसर्ग एका बाजूला आणि न्याय दुसऱ्या बाजूला, अशी स्पष्ट ओढाताण होते. डोल बंद करा म्हणणे म्हणजे वेसावे-उत्तनच्या सहस्रावधी घरांचा घास काढून घेणे; तिला पूर्ण मोकळीक देणे म्हणजे पापलेटाचा वंश खुंटविणे. मार्ग बहुधा काळाच्या आणि जागेच्या बारीक संयोगात आहे: पिलांच्या हंगामापुरती, पिलांच्या जागांपुरती डोल उचलणे, आणि त्या काळाचा बुडालेला रोजगार भरून देणे. ६१ दिवसांची, १ जून ते ३१ जुलै अशी, जी पावसाळी बंदी आहे ती सबंध किनाऱ्यास एकाच मापाने लागू होते. तिच्यापेक्षा अशी स्थानिक, अल्पमुदतीची बंदी निसर्गास अधिक उपकारक आणि माणसास अधिक सोसणारी होईल असे मला वाटते, मात्र ती डोलकरांच्या संस्थांनी स्वतः ठरविलेली असली पाहिजे.

टनांच्या कोष्टकात न मावणारी आणखी एक बाब आहे. रापणीची मासळी पुळणीवर येते, तेथेच तिचे वाटे पडतात, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला त्याचा हिस्सा मिळतो, आणि टोपली डोक्यावर घेऊन बायका गावोगाव विकावयास निघतात. उरलेली मासळी वाळवून पावसाळ्याची बेगमी होते. तेवढीच मासळी पर्ससीनने धरली तर ती बंदरावर येते, घाऊक लिलावात विकली जाते, आणि तारलीचा मोठा भाग मासळीचे कूट व तेल काढणाऱ्या कारखान्यांकडे रवाना होतो. समुद्रातून निघालेली मासळी दोन्ही वेळा सारखीच. परंतु एका पद्धतीत ती दोनशे हातांतून जाते आणि दुसऱ्या पद्धतीत फारच थोड्या. लिलावात भांडवल लागते, ते टोपलीवालीजवळ नसते. हद्दीची रेषा थोडी सरकली की मासळी कोणत्या किनाऱ्यावर उतरेल हे बदलते, आणि तेवढ्याने एका गावातील स्त्रियांचे स्वतंत्र उत्पन्न नाहीसे होऊ शकते, ही गोष्ट नियम करणाऱ्या समित्यांपुढे क्वचितच येते, कारण त्या समित्यांपुढे साक्षीला नौकामालक जातात.

आणि समुद्रात आता एकटे मच्छिमारच दावेदार राहिलेले नाहीत. तेलविहिरींच्या प्रत्येक मंचाभोवती ५०० मीटरचे निषिद्ध वर्तुळ असते. व्यापारी जहाजांचे मार्ग आहेत. वरळीच्या कोळ्यांना सागरी रस्त्याच्या खांबांमधून होड्या नेता याव्यात म्हणून त्यांतील अंतर वाढवून घेण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. आणि डहाणूजवळ वाढवण येथे ७६,००० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या ज्या बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ते ज्या उथळ, खडकाळ पाण्यावर उभे राहणार आहे ते तेथील मच्छिमारांच्या मते मासळीचे पाळणाघरच आहे. या प्रत्येक वेळी एकच अडचण उभी राहते. जमीन संपादन करावयाची तर सातबाराचा उतारा असतो, कुळाचे नाव असते, विहिरीची, झाडांची नोंद असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात एखाद्या गावाने जाळी टाकली त्या पाण्याचा उतारा कोणत्याही दप्तरात नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा मोबदला मागणाऱ्याला प्रथम आपण तेथे होतो हेच सिद्ध करावे लागते. २०११च्या किनारा नियमन अधिसूचनेने किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांत मासेमारीची क्षेत्रे, मासळीच्या प्रजननाच्या जागा, कोळीवाडे, जेट्ट्या आणि मासळी वाळविण्याच्या सामायिक जागा नकाशावर दाखविण्यास सांगितले होते. सूत्र त्यात होते, कागद त्यात होता. उरते ते गावोगावच्या तांडेलांना नकाशापुढे बसवून कोणत्या महिन्यात कोणते पाणी कोणाचे, डोलीच्या कवी कोठे, पापलेटाची पिले कोठे, रापण कोणत्या खडकापर्यंत, हे त्यांच्याच तोंडून टिपून घेण्याचे काम, आणि ते मत्स्यव्यवसाय खात्याने सहकारी मच्छिमार संस्थांना बरोबर घेऊन, एकेक तालुका करीत, पुढचा बंदराचा किंवा अभयारण्याचा प्रस्ताव येण्याच्या आधी करावयाचे आहे.